आजोबांच्या गुडघ्यांवरचे ऊन

मित्रांनो, माझा उडालेला रंग पाहून नाक मुरडू नका. मी जुनी खिडकी आहे आणि जुन्या माणसांसारखीच थोडी मानीही आहे. ज्या सुताराने मला घडवले, त्याने मुद्दाम मला दक्षिणेच्या भिंतीत बसवले आणि माझ्यावर छज्जा बांधून घेतला. "उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊब," एवढेच म्हणून तो रंधा उचलून निघून गेला.

माझी पहिली मालकीण शिवणकाम करायची. तिचे मशीन माझ्याखालीच असे. हिवाळ्यात ऊन थेट सुईवर पडले की ती म्हणायची, "तू आहेस म्हणून माझे डोळे टिकले गं बाई." मी अशी फुगायचे की पावसाळी हवेत दारेसुद्धा तेवढी फुगत नसतील! पुढे ती लेकीकडे राहायला गेली आणि घराला कुलूप लागले. माझ्या बिजागऱ्या कुरकुरू लागल्या, चौकटीला फटी पडल्या. कौतुकाची सवय लागलेल्याला दुर्लक्ष फार टोचते हो.

मग एका उन्हाळ्यात नवे कुटुंब आले. चिमणी नावाने हाक मारली की धावत येणारी एक मुलगी, बस चालवणारी तिची आई, सतत विणकाम करणारी आजी आणि आजोबा. आजोबांनी जन्मभर पायी पत्रे वाटली होती. आता त्यांचे गुडघे थंडीत इतके आखडत की गेल्या हिवाळ्यात त्यांना खाटेवरून उठताच आले नव्हते. त्यांची खाट माझ्या समोरच्या भिंतीला लावली गेली.

चिमणीच्या आईने मला खालीवर पाहिले. छज्ज्यामुळे तेव्हा उन्हाचा एक कवडसाही आत येत नव्हता. ती म्हणाली, "ऊन तर येतच नाही इथून. थंडीत फटींतून वारा तेवढा येईल आणि बाबांचे पाय पुन्हा धरतील. त्यापेक्षा बुजवूनच टाकू." दुसऱ्या दिवशी अंगणात विटा येऊन पडल्या.

मित्रांनो, त्या विटा माझ्यासाठीच होत्या. तिचे प्रेम खरे होते, म्हणून तर मला तिच्यावर रागावताही येईना. या नव्या माणसांपैकी कोणी मला हिवाळ्यात पाहिलेच नव्हते!

त्याच संध्याकाळी चिमणी शाळेतला प्रश्न घेऊन बसली. ऋतू का होतात?

"त्यात काय? उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो," आजोबा म्हणाले.

"मग माझी बहीण पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात राहते, ती परवा फोनवर थंडीने कुडकुडत का होती?" आजीने विचारले. "सूर्य काय तिच्यावर रुसलाय?"

चिमणीने आजीचा लोकरीचा गुंडा घेतला, त्यातून विणायची सुई आरपार घातली आणि सुई जरा तिरकी धरली. ही झाली पृथ्वी आणि सुई तिचा आस. वरच्या अर्ध्या भागावर तिने आपल्या घराची टाचणी टोचली. आजीच्या हातात टेबलावरचा दिवा दिला.

"मी सूर्य होय?" आजी हसली. "नवीन काय त्यात? या घरात सगळे माझ्याभोवतीच फिरतात."

चिमणी दिव्याभोवती फिरू लागली, पण सुईचे वरचे टोक ती सतत दिव्याकडेच झुकवत होती. "अगं, अशाने हिवाळा यायचाच नाही," आई म्हणाली. चिमणी थबकली. मग तिला शाळेतल्या बाईंचे सांगणे आठवले. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तिचा आस आपली दिशा बदलत नाही. तिने टोक कपाटाकडे रोखले आणि पूर्ण फेरीभर तसेच ठेवले. आता एका बाजूला टाचणी दिव्याकडे झुकली, तो उन्हाळा. समोरच्या बाजूला ती दिव्यापासून दूर कलली, तो हिवाळा. मधल्या दोन जागी ना इकडे ना तिकडे, तिथे वसंत आणि पानगळ.

"हिवाळ्यात दिवस लहान आणि ऊन तिरकं," चिमणी म्हणाली.

"म्हणजे लोण्याचा तेवढाच गोळा मोठ्या पावावर फासल्यासारखं," आजी म्हणाली. "थर पातळच बसणार."

चिमणी एकदम माझ्याकडे वळली. "आई! तिरकं ऊन म्हणजे सूर्य आकाशात खालून जाणार. मग ऊन छज्ज्याखालून आत येईल. आजोबांच्या खाटेपर्यंत!"

आईने छज्ज्याकडे आणि मग खाटेकडे पाहिले. "थंडीपर्यंत थांबते. ऊन आलं नाही, तर विटा आहेतच."

पाने पिवळी पडली तसे ऊन माझ्या खालच्या चौकटीवर आले, मग फरशीवर उतरले. मी मनातल्या मनात त्याला पुढे ढकलत होते. पण ऐन थंडीत धुके दाटले ते हटेना. वारा फटींतून शिरू लागला, आजोबा कण्हू लागले आणि आईने शेवटी गवंड्याला बोलावले.

गवंडी माझे माप घेत होता. दुपार होती, आजोबांचा डोळा लागला होता. तेवढ्यात धुके विरले. ऊन छज्ज्याखालून आत शिरले, फरशी ओलांडून खाटेवर चढले.

आजोबा डोळे मिटूनच म्हणाले, "पायांवर कोणी काय घातलंत? बरं वाटतंय गं."

आई वळली. आजोबांच्या गुडघ्यांवर काहीच नव्हते. फक्त ऊन होते.

तिने डोळ्यांना पदर लावला. "दादा, खिडकी तशीच राहू दे," ती गवंड्याला म्हणाली. "या फटी तेवढ्या बुजवून द्या."

त्या विटांपैकी चार आता खाटेच्या पायांखाली आहेत. खाट उंच झाली, त्यामुळे आजोबांना उठणे सोपे जाते. काल ते काठी टेकत माझ्यापर्यंत आले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने माझी काच पुसली.

मित्रांनो, पृथ्वी कललेली आहे म्हणून प्रत्येकाचा ऋतू येतो. कोणाला निकामी ठरवून विटा मागवण्याआधी एक हिवाळा थांबून पाहाल का? आणि जमलेच, तर त्याच्या फटी तेवढ्या बुजवून द्या.