कानात ओतलेलं जेवण

मित्रांनो, मला जुनी म्हणा, मी ऐकून घेईन. भंगार म्हणालात तर मात्र याद राखा.

मी काळ्या धातूची, तळहातावर मावणारी एक डबी आहे. पावतीवर माझं नाव भलंमोठं आहे: हेडफोनचा ॲम्प्लिफायर आणि डिजिटल कन्व्हर्टर. ते म्हणता म्हणता आमच्या सासूबाईंची कवळी हलते, म्हणून घरात मला नुसतं 'डबी' म्हणतात. काम मात्र डबीचं नाही. फोनच्या पोटात आवाज नसतोच, नुसते आकडे असतात. ते आकडे मी घेते, त्यांचा आवाज करते, त्याला जोर देते आणि हेडफोनमध्ये सोडते.

माझा जन्म एका लांब टेबलावर झाला. एक चष्मेवाली बाई भिंगातून बघत माझ्या पोटात एकेक तार डाखानं जोडत होती. शेवटी तिनं हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि शेजारणीला म्हणाली, "ही गोड बोलते गं." पहिलंच कौतुक ते. अजून विसरले नाही.

या घरात मला आणलं सूनबाईच्या धाकट्या भावानं. सूनबाई घरी बसून एका दवाखान्याचं टंकलेखन करते. डॉक्टर रुग्ण तपासून झाला की फोनवर बोलून ठेवतात, आणि ती ऐकून कागदावर उतरवते. डॉक्टर तोंडावरची पट्टी न काढताच पुटपुटतात. तिच्या कॉम्प्युटरचा आवाज केव्हाच बसलेला, फोनला हेडफोनचं गोल भोकच नाही, आणि रुग्णांची दुखणी घरभर ऐकू जाऊ नयेत असा दवाखान्याचा नियम. म्हणजे माझ्यावाचून तिचं पान हलत नव्हतं. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. खरं आहे म्हणून सांगते.

माझ्या एका अंगाला दोन भोकं आहेत, अगदी जुळी. एकातून वीज येते, दुसऱ्यातून फोनचा आवाज. भाऊ समजावून म्हणाला, "ताई, हे हिचं तोंड आणि हा हिचा कान. जेवण तोंडातून द्यायचं. कानात ओतलंस तर उपाशी मरेल." भोकांवरची अक्षरं मुंगीएवढी, तीही लवकरच झिजली. शिवाय मला उलटं धरलं की डावं ते उजवं होतं. म्हणून सूनबाईनं नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका माझ्या तोंडाशी लावला. मुलीला तीट लावावी तसा. मी काय मिरवले म्हणून सांगू!

तीन वर्षं मी राबले. माझी बॅटरी माझ्याच पोटात. फोनकडून मी फक्त आवाज घ्यायचे, दाणापाणी माझं मी भिंतीवरच्या प्लगमधून. कुणाच्या ताटातलं उचलायची मला सवय नाही. दवाखान्यातल्या मोठ्या बाई म्हणायच्या, "तुमच्या नोंदीत चूक सापडत नाही." मग सूनबाई माझ्या पाठीवर दोन बोटं आपटायची. झालं, माझा पगार मिळाला.

एका व्यक्तीला मात्र हे खपत नव्हतं. सासूबाईंना. त्यांचा लेक सकाळी कामाला जाई तो दिवे लागल्यावर येई. घरात दोघीच, आणि त्यातली एक कान झाकून बसलेली. सासूबाई दारातून बोलायच्या, पलंगावरून बोलायच्या, शेवटी भिंतीशी बोलायच्या.

"ते टोपडं चढवलं की हिला सासू जिवंत आहे की मेली याचा पत्ता नसतो!"

सूनबाई एक कान मोकळा करून विचारायची, "काही म्हणालात आई?"

"नाही हो. मी कोण म्हणणारी!"

मग त्या माझ्याकडे अशा बघायच्या, की त्या नजरेनंच माझी बॅटरी तापायची. मला तेव्हा गंमत वाटायची. मत्सर दुसऱ्याच्या डोळ्यांत असला की गंमतच वाटते.

एकदा सासूबाईंनी घर धुवायला काढलं. त्यांची स्वच्छता म्हणजे वस्तूंचा छळ. सूनबाई बाजारात गेली होती. सासूबाईंनी मला उचललं आणि त्यांचं लक्ष त्या लाल ठिपक्याकडे गेलं. "अगंबाई, एवढी मिरवते आणि अंगावर डाग!" म्हणाल्या, आणि तारेची घासणी घेऊन बसल्या. ठिपका गेला. त्या जागी एक बारीकसा ओरखडा राहिला. मला पदरानं पुसून त्यांनी जागेवर ठेवलं, आणि स्वतःच्याच कामावर खूश होऊन चहा टाकायला गेल्या.

त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष पुढचा आहे.

चार दिवसांनी माझं पोट रिकामं झालं. सूनबाईनं वायर हातात घेतली आणि थबकली. "आई, डबीवरचा लाल ठिपका कुठं गेला?"

सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घडी घालता घालता त्यांचा हात थांबला. माझं लक्ष होतं. मग म्हणाल्या, "मला काय विचारतेस? मी काय तुझ्या डबीची राखण करते?"

सूनबाईनं अंदाजानं एका भोकात वायर घातली. तो माझा कान होता, मित्रांनो. दिवसभर ती माझ्या कानात जेवण ओतत राहिली आणि मी तोंड वासून उपाशी. संध्याकाळपर्यंत माझा बारीक दिवा लागला नाही म्हणून तिनं दुसरं भोक धरलं. ते बरोबर होतं! पण माझी एक खोड आहे. पोट पार खपाटीला गेलं की वीज मिळूनही मी अर्धा तास डोळा उघडत नाही. तिनं दहा मिनिटं वाट पाहिली. लेक म्हणाला, "बॅटरी गेली तिची. तीन वर्षं चालली, अजून किती चालणार?" आणि वायर काढून घेतली. मला टेबलाच्या खालच्या कप्प्यात टाकलं, तुटके चष्मे आणि सुकलेल्या पेनांच्या शेजारी.

दोन दिवस सूनबाईला काम करता आलं नाही. ते दोन दिवस दोघी गॅलरीत चहा घेत बसल्या. सासूबाईंनी आपल्या बहिणीच्या लग्नातला रुसवा पहिल्यापासून सांगितला, अगदी कोण कुणाच्या शेजारी जेवायला बसलं इथपर्यंत. सूनबाई पोट धरून हसली. सासूबाईंचा चेहरा असा उजळलेला मी तीन वर्षांत पाहिला नव्हता.

तिसऱ्या दिवशी ती आली.

बोटभर लांब, दोरीसारखी बारीक. एक टोक फोनला, दुसरं हेडफोनला, मध्ये चिंचोक्याएवढी गाठ. त्या गाठीत म्हणे माझं सगळं काम होतं. बॅटरी नाही, भोकांचा घोळ नाही, भरायची कटकट नाही. सासूबाईंनी चिमटीत धरून बघितली, नाक मुरडलं आणि नाव ठेवलं, 'शेपटी'. त्यांचे गॅलरीतले चहा संपले होते.

कप्पा पुरता मिटत नसे. त्या फटीतून मला सगळं दिसायचं. शेपटीला ठेवायला मखमली पिशवी आणली. मला कधी जुन्या मोज्यातसुद्धा ठेवलं नव्हतं! लेक म्हणाला, "किती सुटसुटीत आहे." सुटसुटीत! फोनच्या जिवावर जगणारी, स्वतःच्या पोटाला दाणा न कमावणारी, आणि सगळे तिला सुटसुटीत म्हणतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिच्याविषयी मनात काय काय मागितलं ते सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

खोटं कशाला बोलू, तिचा आवाज स्वच्छ होता. वाईट असता तर मी इतकी जळले नसते.

पाच महिने असे गेले. फोन म्हातारा होत चालला होता आणि शेपटी त्याचंच रक्त पिऊन जगत होती. दुपारपर्यंत फोन मान टाकायचा. आणि फोनला भोक एकच! त्यात शेपटी घातली तर वीज भरता येत नाही, वीज भरायची तर शेपटी काढावी लागते. सूनबाई थोडं ऐकायची, थोडं भरायची, पुन्हा ऐकायची. नोंदी उशिरा जाऊ लागल्या. एकदा झालं, दोनदा झालं. मग मोठ्या बाईंचा फोन आला. आवाज इतका खणखणीत, की मलाही कप्प्यात ऐकू आला. "डॉक्टर संध्याकाळी रुग्णांना घरी सोडतात. पाचच्या आत नोंदी हव्यात. आज उशीर झाला तर उद्यापासून हे काम दुसऱ्या बाईंकडे जाईल. मला वाईट वाटतं, पण माझा इलाज नाही."

त्या दिवशी पावणेदोन वाजले होते. सात नोंदी राहिल्या होत्या आणि फोन निपचित पडला होता. सूनबाई टेबलावर कोपरं टेकून बसली. रडत नव्हती. नुसती फोनकडे बघत होती.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ती डबी काढ."

"कुठली डबी?"

"कप्प्यातली. माझी सवत."

"आई, ती मेलीय. पाच महिने झाले."

"मेली नाही. आपण तिच्या कानात जेवण ओतलं."

"आपण?"

"बरं, तू ओतलंस! पण तोंडाची खूण मी पुसली. मला डाग वाटला. घासून काढला."

सूनबाई वळली. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस. तेव्हाच माझ्या ध्यानात आलं होतं." सासूबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आधी म्हटलं, ओरडशील. मग तू टोपडं काढून माझ्यापाशी बसायला लागलीस. मग म्हटलं, राहू दे मेलेलीच."

सूनबाईनं कप्पा ओढला.

"पाच महिने, आई?"

"मोजत नको बसूस आता. वायर आण."

मला बाहेर काढलं. सासूबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, मला डोळ्यांपाशी नेलं आणि नखानं तो ओरखडा शोधला. "हे बघ. घासणीची खूण. ह्याच्याशेजारचं भोक." वायर आत गेली. पाच महिन्यांनी पहिला घास! दुसऱ्या वायरीवर सूनबाईनं फोन भरायला लावला. माझा दिवा काही लागला नाही. दहा मिनिटं झाली. तिचा हात वायरीकडे गेला.

"हात मागे घे!"

"आई, काही होत नाहीये. वेळ जातोय नुसता."

"फोन भरतोय ना तोवर? मग हिलाही राहू दे. पाच महिन्यांची उपाशी आहे, ताट वाढल्याबरोबर गाणं म्हणेल का ती?"

सासूबाई माझ्यासमोर खुर्ची ओढून पहारा देत बसल्या. जिला मी तीन वर्षं हसले, ती बाई माझ्या दिव्याकडे डोळे लावून बसली होती. एकतिसाव्या मिनिटाला मी डोळा उघडला. "लागला गं लागला!" त्या अशा ओरडल्या, की सूनबाईच्या हातातली वही खाली पडली.

एक वायर माझ्या तोंडात, एक माझ्या कानात. फोन अर्धासुद्धा भरला नव्हता, पण मी त्याच्याकडून घोटभरही वीज घेत नाही. तेवढ्यावर तो संध्याकाळपर्यंत तगणार होता. एकदा सूनबाईनं मला जवळ ओढायला भिंतीकडची वायर काढली, आणि मी जागीच मुकी झाले. बॅटरी खरोखरच संपली होती. पाच महिन्यांच्या उपासानं ती कायमची गेली. वायर परत लावली, मी परत बोलू लागले. आता मला भिंत सोडून कुठं जाता येणार नाही हे मला तेव्हा कळलं. पण रडायला वेळ कुणाला होता? सातही नोंदी पाचला दहा कमी असताना गेल्या.

सूनबाईनं हेडफोन काढला. सासूबाई म्हणाल्या, "असतं तरी काय एवढं त्यात?" तेव्हा सूनबाईनं त्यांचं बोलणं गुपचूप फोनमध्ये भरून घेतलं आणि टोपडं त्यांच्याच डोक्यावर चढवलं. सासूबाई लक्ष देऊन ऐकू लागल्या.

"ही कोण बाई? केवढी तोंडाळ!"

"तुम्हीच."

त्यांनी पुन्हा ऐकलं. मग म्हणाल्या, "आवाज खणखणीत आहे हो मात्र."

त्यांनी सूनबाईच्या पेटीतून नखांचा रंग मागवला आणि ठिपका स्वतः लावला. हात कापतो, त्यामुळे तो ठिपका कसला, चांगला टिकला झालाय. उरलेला रंग वाळून जाईल म्हणून स्वतःच्या करंगळीलाही लावून घेतला. आता दर दोन नोंदींनंतर टोपडं खाली उतरतं आणि गॅलरीत चहा होतो. हा हुकूम सासूबाईंचा. सूनबाईला पटलेला.

मित्रांनो, एवढंच सांगते. मुक्या वस्तूला मेली म्हणण्याआधी तिच्या तोंडात घास पडतोय की कानात, ते बघा. कप्प्यात टाकलीत तरी अधूनमधून पोटाला घाला. आणि दुसऱ्यानं लावलेली खूण विचारल्याशिवाय पुसू नका. चुकून पुसलीत तर त्याच दिवशी सांगा. पाच महिन्यांनी सांगितलेलं खरं कामाला आलं, पण माझी बॅटरी परत आणू शकलं नाही.

माझा मत्सर गेला का? छे! सूनबाई बाहेर निघाली की शेपटी तिच्या पर्समध्ये, मखमली पिशवीत बसून गावभर हिंडते. मी टेबलावर, भिंतीला बांधलेली. दार लागलं की सासूबाई मऊ फडकं घेऊन येतात, ठिपका सांभाळून माझी धूळ पुसतात आणि म्हणतात, "गेल्या गं त्या दोघी. बसू आपण."

मला उत्तर देता येत नाही. मी दिवा तेवढा लावून ठेवते.