इंधनमहाराजांची मोहोर

इंधनमहाराजांच्या पत्र्याच्या शेडसमोर मोटरसायकलींची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेली होती. सकाळी गाडी आत ढकलायची, दार बंद, संध्याकाळी ती 'तृप्त' होऊन बाहेर! साखळीच्या कव्हरवर मेणाची लाल मोहोर. ती फोडली की कृपा उडाली.

"वासना सुटली की माणूस कमी खातो. मी गाडीची वासना सोडवतो!" महाराज टाकीवर हात फिरवत म्हणायचे आणि शिकलेसवरलेले लोक माना डोलवायचे. माना डोलवायला डोकं लागत नाही.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताईंना खुपत होतं ते हे की, पेट्रोल खरंच कमी लागत होतं. निव्वळ थाप असती तर त्यांनी हसून सोडून दिली असती. त्यांच्या धाकट्या भावाची गाडीही तृप्त होऊन आली होती; पण वडिलांना, अप्पांना, मागे बसवून दवाखान्याचा चढ चढताना तिने मान टाकली. भाऊ धावला महाराजांकडे. महाराजांनी डोळे मिटले, "कृपेची गाडी पापाचं ओझं उचलत नाही, बाळ."

अप्पांनी ते मनाला लावून घेतलं. डायलिसिसने रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात जाणंच सोडलं. पाय सुजले, धाप लागू लागली.

"अप्पा, रिक्षाने चला," ताई काकुळतीला आल्या.

"रिक्षात बसलं की पाप हलकं होतं का गं?"

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हाडांचा सापळा उरलेला माणूस, आणि म्हणे ओझं! अंगणात जाऊन त्यांनी गाडी नीट न्याहाळली. कृपा टाकीवर, मग मोहोर साखळीला कशाला?

त्यांनी भावाला, गाडीला आणि अप्पांना शेडसमोर नेलं. रांगेत दूधवाल्याची तशीच गाडी उभी होती, अजून 'अतृप्त'. ताईंनी पाना काढून दोन्ही कव्हरं उघडली.

"मोहोर फोडली! भस्म होशील!" महाराज किंचाळले.

"होईपर्यंत दाते मोजते," ताई म्हणाल्या. "दूधवाले दादा, तुमच्या मागच्या दातेरी चाकाला बेचाळीस. भावाच्या गाडीला चौतीस! चाक बदललंय, साखळीही आखूड केलीय."

"त्यानं काय होतं?" दूधवाल्याने विचारलं.

"सायकलच्या गियरसारखंच. हे दातेरी चाक लहान केलं की तेवढंच अंतर कापायला एंजिनाला कमी फेरे पडतात. सपाट रस्त्यावर पेट्रोल वाचतं. पण मागच्या चाकाला मिळणारा जोरही घटतो, म्हणून चढावर दोन माणसं घेऊन गाडी घुसमटते. तुमचे दुधाचे कॅनही पापी ठरले असते, दादा!"

दूधवाल्याने शेडचं दार ढकललं. आत काढलेल्या दातेरी चाकांचा ढीग पडला होता. महाराज 'समाधी लागली' म्हणत खाली बसले. पण लोकांनी त्यांना उठवून त्यांच्याच हातात पाना दिला.

संध्याकाळी जुनं चाक बसवलेली गाडी अप्पांना घेऊन चढाला लागली. वर पोचल्यावर अप्पांनी ताईंना हळूच विचारलं, "म्हणजे मी जड नव्हतो?"

"नाही हो अप्पा," ताई म्हणाल्या. "चाक लहान होतं."

चमत्कार दाखवणाऱ्याला हात जोडण्याआधी एकदा कव्हर उघडून बघा. तो 'उघडू नका' म्हणाला, तर आधी तेच उघडा.