बियाण्याला सांबराणी

वादळ यायच्या आदल्या दिवशी आमच्या अड्यारच्या फ्लॅटमध्ये पाहुणे आले. भाताच्या बियाण्याच्या दहा-बारा कापडी पिशव्या! मी कृषी खात्यात बियाणं तपासते. सध्या बाळंतपणाच्या रजेवर. पण ऑफिसचं गोदाम तळमजल्यावर, तिथे पाणी शिरायला लागलं आणि शेषगिरी सरांचा फोन आला, "विद्युलता, तुमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे ना?"

हे खाऱ्या जमिनीत तगणारं बियाणं. समुद्र शेतात घुसून उभं पीक गेलं, की किनाऱ्यावरच्या लोकांना पुन्हा पेरायला सरकार हेच वाटणार होतं. दुसरं हाताशी नव्हतं.

"अम्मा, ह्याला ओल लागता कामा नये. ओल लागली की संपलं," मी सासूबाईंना बजावलं.

हेमावती अम्मा अस्सल तंजावरी. भाषा माझीच, मराठी, पण पार जुनी आणि तमिळच्या हेलावर चालणारी. लग्नानंतर वर्षभर मी नुसती हसून मान डोलवत होते.

"भिऊं नको गो. मी आहें न्हवे?" म्हणत त्यांनी अस्की पिशव्यांना, म्हणजे सगळ्यांना, कुंकू लावलं.

मग वादळ आलं. वीज गेली. माझा नवरा कार्तिक शहराबाहेर सिरुसेरीला ऑफिसात अडकला. तिथून फोनवर ओरडत होता, "तिघी ठीक आहात ना?"

"तिघी आणि पाहुणे!" मी ओरडले.

भिंतींना घाम फुटला होता. आमच्या तान्ह्या हरिणीचे लंगोट खुर्चीवर, खिडकीच्या गजांवर, देवघराच्या दारावरही, आणि एकही वाळेना. दुसऱ्या दिवशी दुपारी हरिणी झोपली आणि चमत्कार म्हणजे मीही झोपले.

जाग आली ती सुगंधाने. हरिणीला न्हाऊ घातल्यावर अम्मा सांबराणीची, म्हणजे ऊदाची, धुरी देतात, तोच वास. पण हरिणी तर माझ्या कुशीत! मी मागच्या खोलीत धावले. लोखंडी खाटेवर पिशव्या ओळीने निजलेल्या, वर हरिणीची दुपटी पांघरलेली, खाटेखाली लालभडक निखारे, आणि अम्मा पंख्याने वारा घालत बसलेल्या.

"अम्मा!"

"हळू बोल. पिशव्या गार लागत होत्या गो. पाप्पास, लेंकरास, ओल बाधली तर काय करतों? धुरी देतों."

"धगीने बी मरतं, अम्मा!"

त्यांचा पंखा थांबला. "तूं ओल म्हणालीस. धग म्हणाली नाहींस."

खरंच नव्हतं सांगितलं. आम्ही दोघींनी मिळून निखारे बाहेर नेले. अम्मा मोरीपाशी मटकन बसल्या. "मारलें मी त्यांस?"

"बघू या," मी म्हटलं.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "रस्ता मोकळा झाला की गाडी पाठवतो. तोवर उगवून दाखवा. मेलेलं बी मी कुणाला देणार नाही."

तपासायला ओलं, स्वच्छ सुती कापड हवं. ते घरात एकाच प्रकारचं होतं. प्रत्येक पिशवीतलं चिमूटभर बी एकेका ओल्या लंगोटात गुंडाळलं, चिठ्ठ्या लावल्या, आणि दही लावल्यासारखं पातेल्यात ठेवून वर कांबळं. हरिणीची रवानगी अम्मांच्या जुन्या साडीच्या तुकड्यांत! ती खूश होती. पाय झाडून तेही सोडून टाकत होती.

"उठलें का गो?" अम्मा दर घटकेला विचारायच्या.

"सारखं उघडलं तर गारठेल."

"मी उघडत नाहीं. नुसता कान लावतें."

मीही लावला. आम्ही दोघी पातेल्याला कान लावून, आणि हरिणी आमच्याकडे बघून खिदळतेय!

तीन दिवसांनी गाडी निघाल्याचा फोन आला, त्या सकाळी मी पहिला लंगोट उलगडला. पांढरे, इवले इवले कोंब! हिरडीतून दात डोकवावा तसे. दुसऱ्यातही! तिसऱ्यातही! अम्मांनी अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरची जयंती धावत खाली आली. तिला दिसलं काय, तर सासू-सून कोंबांचे लंगोट हातात घेऊन नाचताहेत.

निखाऱ्याच्या अगदी वर होती ती एक पिशवी मात्र उगवली नव्हती. तिच्यावर मी फुली मारली. अम्मांनी तिच्यावरून हात फिरवला.

"एक गेली. बाकीच्या चढवा!" सरांना फोनवर हसू लपवता येईना.

पिशव्या जिन्यातून हातोहात खाली गेल्या. अख्खा जिना घमघमला. गाडी सुरू झाली तशा अम्मा बाल्कनीतून तमिळमध्ये ओरडल्या, "पोचल्यावर फोन करा!"

ड्रायव्हरने मान बाहेर काढून आजीबाईंना विचारलं, "मी करू, पाट्टी?"

"तूं कशाला? ज्याच्या शेतांत उगवेल, त्यास सांग करायला!"