ताईचा फेडर

कार्यक्रमात आवाज सांभाळणारा माणूस गाणं ऐकत बसतो असं लोकांना वाटतं. साफ खोटं. मी माणसं बघतो. सभागृहाच्या पार मागे माझं टेबल, टेबलावर मिक्सर आणि समोर सहाशे पाठमोरी डोकी. पाठ चेहऱ्याइतकी लबाड नसते. माना स्थिर, म्हणजे आवाज बरोबर. खोकले वाढले, म्हणजे गाणारीचे शब्द बुडताहेत. बायका पर्स उघडायला लागल्या की गाणं लांबलंय, आणि त्यावर माझ्याकडे औषध नाही.

आमच्या वाद्यवृंदात माझी थोरली बहीण सव्वीस वर्षं व्हायोलिन वाजवते. आठवीत शाळेनं मला हाकललं तेव्हा ताईनं तालमीला नेऊन बसवलं, डोळे मिटायला लावून कुठली तार उतरलीय ते ओळखायला शिकवलं. आज माझ्या पोटाला जे मिळतं ते त्या कानांचं. दोन वर्षांपासून तिच्या बोटांचे सांधे सुजतात. सूर केसभर सरकतो. कधी केसभराहून जास्त.

त्या संध्याकाळी पडदा वर जायच्या आधी मास्तर माझ्या टेबलापाशी आला. वाद्यवृंद त्याचा. त्याचं म्हणणं असं, की ताईचं व्हायोलिन बाहेर सोडू नकोस, तिच्यापुरतंच ठेव. आमच्या धंद्यात हे चालतं. वाजवणाऱ्याच्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो. त्यात त्याला काय ऐकू यावं आणि लोकांना काय ऐकू यावं, हे दोन्ही वेगवेगळं माझ्या हातात. शेवटच्या गाण्यात ताईचा एकटीचा तुकडा होता. तिथे कीबोर्डवाला व्हायोलिनचा आवाज लावून तोच तुकडा तिच्याबरोबर वाजवणार होता.

"तिला कळणारपण नाही," मास्तर म्हणाला. "तुझीच बहीण आहे. तिची शोभा होऊ देऊ नकोस."

जाता जाता, पुढच्या दौऱ्याला आवाजाचा माणूस अजून ठरलेला नाही, हेही त्यानं सांगितलं. बहिणीची अब्रू वाचवली असं मला आज म्हणता येईल. नाही म्हणत. मी माझी जागा वाचवली.

फेडर म्हणजे मिक्सरवरची सरकती कळ. प्रत्येकाची वेगळी, खाली पांढऱ्या चिकटपट्टीवर ज्याचं त्याचं नाव. "ताई" लिहिलेला फेडर मी तळाला नेला आणि माणसं बघत बसलो.

चौथ्या रांगेतला टकल्या डोक्यानं ताल धरत होता, चुकीचा. एक जाडी बाई नवऱ्याच्या खांद्यावर खुशाल झोपली होती. कुणाची मान वळली नाही. व्हायोलिन नाही हे सहाशे माणसांत एकाला कळेना. मला लोकांचा राग आला. चोरी माझी, आणि राग त्यांचा.

शेवटचं गाणं आलं. ताईनं डोळे मिटले, हनुवटी टेकवली. तिच्या गजाबरोबर सभागृहात कीबोर्ड रडायला लागला, अगदी सुरात.

तेव्हा एकच डोकं हललं. भावोजींचं. ते नेहमी माझ्या पुढच्याच खुर्चीवर बसतात. त्यांनी कानातलं यंत्र काढलं, फुंकलं, पुन्हा बसवलं. मान तिरकी केली. पुन्हा काढलं. टाळ्यांनी छत उडालं, तरी ते यंत्र तळहातावर घेऊन बसले होते.

कार्यक्रम संपला की सगळे फेडर खाली ओढायचे, ही सवय हाताला आहे. हात गेलाही. तेवढ्यात ताई व्हायोलिनची पेटी घेऊन आली आणि भावोजी तिला म्हणाले, "माझे कान गेले गं. व्हायोलिन ऐकू आलं, पण तुझं वाटेना. तुझा हात मला ओळखता येईना. आता येऊन तरी काय करू?"

ताई हसली, बॅटरी संपली असेल म्हणाली. मग त्यांचं तोंड बघून हसायची थांबली. तिनं त्यांचा हात धरला.

मूग गिळून बसलो असतो तरी चाललं असतं. भावोजी घरी बसले असते, मी दौऱ्यावर गेलो असतो. बाकीचे फेडर खाली ओढायला एक क्षण पुरे होता. मी हात मांडीखाली घेतला.

"तुमचे कान ठीक आहेत, भावोजी," मी म्हणालो.

ताईनं आधी माझ्याकडे बघितलं, मग मिक्सरकडे. बाकी सगळे फेडर वर. एकच तळाला. पट्टीवरचं अक्षर तिचंच होतं; माझं कुणाला वाचता येत नाही म्हणून नावं तीच लिहून देते.

"पहिल्या गाण्यापासून?"

मी मान डोलावली.

मला वाटलं, शिव्या घालेल. तिनं बोटं चोळली.

"बेसूर होते, माहितीये मला. माझ्या स्पीकरात ऐकू येत होतं की," ती म्हणाली. "पण यांनी ओळखलं असतं रे."

मग तिनं भावोजींच्या कानात यंत्र नीट बसवलं आणि दोघं बाहेर गेली. पेटी भावोजींनी घेतली होती. मी वायरी गुंडाळायला लागलो. एक गुंडाळी नीट होईना.