वागियेमची साक्ष

जावा बेटावरच्या एका गावच्या सभागृहात त्या सकाळी चाळीस बायका आणि तीन पुरुष जमले होते. कोणी केळ्याचे काप तळून विकणारी, कोणी बातिकच्या पिशव्या शिवणारी, कोणी घरी सोयाबीन आंबवून टेम्पे लावणारी. समोर पांढरेशुभ्र बूट घातलेला मास गालिह उभा होता. वय असेल सव्वीस. सगळ्या त्याला 'मास', म्हणजे दादा, म्हणत आणि तो त्यांना 'इबू', म्हणजे आई. छोट्या धंदेवाल्यांनी मोबाइलवर माल कसा खपवायचा हे शिकवायला तो सोलो शहरातून आला होता. त्यानं स्वतः आयुष्यात काय विकलं होतं कोण जाणे, पण बोलायचा असा की ऐकणारीला वाटावं, आपण इतकी वर्षं झोपाच काढल्या.

"पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे, इबू. नाही थांबला तर गेला. आणि बाटली कसली दाखवता? बाटल्या सगळ्यांच्या सारख्याच. माणूस दाखवा. तुम्ही स्वतः म्हणालात, माझा माल चांगला, तर कोण विचारतो? वापरणाऱ्यानं म्हटलं पाहिजे. साक्ष लागते, साक्ष!"

पहिल्या रांगेत तार्मिनी भराभर वहीत लिहून घेत होती. 'साक्ष' या शब्दाखाली तिनं दोन रेघा मारल्या.

"आणि वाईट कमेंट आली तर पुसायची नाही. पुसली की लोकांना वाटतं, खरंच असणार. हसून उत्तर द्यायचं. दहा मिनिटांच्या आत."

"आणि नवऱ्यानंच वाईट कमेंट केली तर?" मागून टेम्पेवालीनं विचारलं.

"त्यालाही हसून उत्तर द्या, इबू. फक्त दहा मिनिटं थांबू नका."

सगळ्या हसल्या. तार्मिनीही हसली. तिला नवरा नव्हता, मूल नव्हतं. होती ती थोरली बहीण वागियेम आणि घरचा जामूचा धंदा. जामू म्हणजे मुळापाल्याचे काढे. हळद-चिंचेचा, तांदूळ आणि कचोऱ्याचा, आणि ब्रोतोवालीचा. ही ब्रोतोवाली आपल्या गुळवेलीची चुलत बहीण, पण कडूपणात तिच्या वरताण. पूर्वी पहाटे सायकलवर बाटल्या लावून निघालं की आठ वाजेपर्यंत सगळ्या रिकाम्या होत. आता पोरी बर्फ घातलेली कॉफी पितात आणि जामूवालीला बघून नाक मुरडतात. निम्म्या बाटल्या भरल्याच परत येत.

घरी आली तेव्हा वागियेम चुलीपाशी बसून कचोरा वाटत होती. आई गेली तेव्हा तार्मिनी चार वर्षांची होती आणि वागियेम सतरा वर्षांची. तिनं बाटल्यांची करंडी पाठीवर बांधली, जकार्ताच्या गल्ल्या वीस वर्षं तुडवल्या आणि धाकटीला शिकवलं. स्वतःचं लग्न झालं, मोडलं, त्याचंही तिनं कधी तोंडातून काढलं नाही. घरातला प्रत्येक काढा तिच्या हातचा. आता साठी उलटली होती आणि दहा वर्षांपासून साखर होती.

"म्बाक," ताईला हाक मारत तार्मिनी म्हणाली, "तुला मोबाइलसमोर बोलायचंय. ब्रोतोवालीच्या काढ्यानं माझी साखर उतरली. एवढंच."

"पण मी तर दवाखान्यातल्या गोळ्या घेते गं."

"घे ना! नको कोण म्हणतंय? नुसतं म्हणायचं. काढा प्यायल्यावर तुला बरं वाटतं की नाही?"

"वाटतं."

"मग अर्धं खरंच आहे की."

वागियेमनं वरवंट्याला लागलेला कचोरा बोटानं निपटला. मग म्हणाली, "बरं."

जावातलं हे 'बरं' फार फसवं. त्यात होकार असतो, नकार असतो, आणि समोरच्याचं मन मोडू नये म्हणून गिळलेलं बरंच काही असतं. तार्मिनी याच मातीतली, तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण आपल्या सोयीचं 'बरं' ऐकलं की माणूस खोलात शिरत नाही.

वागियेमनं निळा कबाया घातला, अंबाडा बांधला. तार्मिनीनं तिच्यासाठी नव्या चपला आणल्या होत्या, त्याही घातल्या. चार वेळा ती खांबासारखी ताठ बसली. पाचव्या वेळी काय झालं कोणास ठाऊक, जकार्ताच्या गल्लीतली जुनी जामूवाली तिच्या अंगात आली. पेला उचलून ती म्हणाली, "तोंड वाकडं करू नका, मी केलंय तुमच्या वाटचं! आठ महिने झाले. एक गोळी नाही. साखर कशी, गुमान खाली!" आणि तिनं चक्क डोळा मारला.

आठवड्यात दोन लाख लोकांनी तो व्हिडिओ बघितला. मेदान, मकास्सार अशा दूरदूरच्या शहरांतून मागण्या आल्या. काढा बाटलीतून लांब पाठवता येईना म्हणून तार्मिनीनं त्याची पूड केली, पुड्यांवर वागियेमचा चेहरा छापला. सायकल भिंतीला लागली ती लागलीच. लोक गाड्या करून दाराशी येऊ लागले. त्यांना पूड नको असे, व्हिडिओतली 'म्बाक येम' बघायची असे. बायका तिचे हात हातात घेऊन विचारत, "खरंच का हो? एकसुद्धा गोळी नाही?" वागियेम खाली बघून म्हणे, "काढा पीत जा." लोकांना वाटे, केवढी विनयी बाई. तिला खोटं बोलता येत नव्हतं, इतकंच होतं ते.

दर महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी ती गावच्या दवाखान्यात जात असे. तिथं साखरेच्या रोग्यांचं एक मंडळ होतं. सगळ्यांना सारखे नारिंगी टी-शर्ट. आवारात गाणी लावून व्यायाम करायचा, बोट टोचून घ्यायचं, महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या आणि वाटीभर मूग खाऊन गप्पा मारत घरी यायचं. वागियेमच्या आयुष्यात दुसरी मौज नव्हती. तीन म्हाताऱ्या तिथं तिच्या घट्ट मैत्रिणी झाल्या होत्या.

व्हिडिओनंतर दोन महिन्यांनी त्याखाली एक कमेंट आली. सोबत फोटो. नारिंगी टी-शर्टमधली वागियेम, हातात गोळ्यांची पाकिटं. 'ही बाई दर महिन्याला आमच्या रांगेत असते. लोकांना काय सांगता?'

तार्मिनीचं बोट आधी पुसायच्या बटणावर गेलं. पण शिकवणी पक्की होती. पुसलं नाही. सातव्या मिनिटाला तिनं उत्तर टाकलं. 'शेजारच्या आजारी बाईंना चालवत नाही, म्हणून त्यांच्या गोळ्या आणायला माझी म्बाक जाते. ती स्वतः गोळीला हात लावत नाही. अशी माझी म्बाक.' त्यावर चारशे जणांनी बदाम टाकले आणि फोटोवाल्याला यथेच्छ शिव्या घातल्या.

संध्याकाळी जेवताना तिनं हे सगळं वागियेमला कौतुकानं वाचून दाखवलं.

"कोणत्या शेजारच्या बाई?" वागियेमनं विचारलं.

"अगं, असं काही नसतं, म्बाक. असेल एखादी शेजारीण."

"आणि हे सगळ्यांनी वाचलं?"

"सगळ्यांनी! बदाम बघ किती."

"बरं," वागियेम म्हणाली आणि तिनं ताटातलं संपवलं.

पुढच्या शुक्रवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. एक दिवस तार्मिनीला चुलीपाशी नारिंगी पोतेरं दिसलं.

"हे काय? दवाखान्यात जात नाहीस?"

"लोक ओळखतात आता. फोटो काढतात."

"मग पलीकडच्या गावातल्या दवाखान्यात जा."

"कार्ड इथलंच आहे. तिथं नाही देत."

"मी आणते सोलोहून, दुकानातून." आणि तिनं खरंच दोन पाकिटं आणून दिली. वागियेमनं ती घेऊन बिस्किटांच्या डब्यात ठेवली. मग लेबारानचा, म्हणजे ईदचा सण आला, मागण्यांचा पूर आला, पुड्या बांधायला चार बायका लागल्या. तार्मिनीनं पुन्हा विचारलं नाही. विचारायचं राहून गेलं, असं ती पुढे सगळ्यांना सांगत असे. राहून काही गेलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते तिला नको होतं.

वर्ष असंच गेलं. वागियेम वाळली. घशाला सारखी कोरड, रात्रीत पाच पाच वेळा उठायची. तार्मिनी म्हणायची, "वय झालं, म्बाक, दगदग कमी कर." नव्या चपलेनं टाचेला फोड आला होता, तो फुटला आणि भरेना. वागियेमनं त्यावर हळद थापली आणि लुगड्याखाली पाय झाकून वाटायला बसली. त्या स्वयंपाकघरात बारा महिने कचोरा, हळद आणि आल्याचा वास. त्यात दुसरा वास कोणाला येणार? घरात चार बायका काम करत होत्या, एकीलाही आला नाही.

एका सकाळी ती उठलीच नाही. तापानं फणफणलेली. तार्मिनीनं पांघरूण काढलं आणि तिच्या तोंडून किंकाळी फुटली. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता.

सोलोच्या इस्पितळात गुडघ्याखालून पाय कापला. विष वर चढलेलं आहे, वाचेलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. "गोळ्या कधीपासून बंद केल्या यांनी?"

"मी आणून दिल्या होत्या..." एवढंच तार्मिनी बोलली. घरी जाऊन तिनं बिस्किटांचा डबा उघडला. दोन्ही पाकिटं तशीच, एकही गोळी फोडलेली नव्हती.

ती पाकिटं घेऊनच ती इस्पितळात परत आली. वागियेम शुद्धीवर होती.

"म्बाक, घरात तुला कोण बघत होतं? घेतल्या असत्यास तर कोणाला कळणार होतं?"

"मला कळलं असतं ना." आवाज अगदी क्षीण होता, पण त्यात तक्रार नव्हती. "तू एवढ्या लोकांना लिहून दिलंस, ती गोळीला हात लावत नाही. माणसं दाराशी यायची, डोळ्यांत बघून विचारायची. मला खोटं बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे. मग काय करायचं? तुला खोटी पाडायची? खरं करून टाकलं झालं." आणि ती किंचित हसली. "त्यानंतर बघ, ताठ मानेनं सांगत होते मी. आजवर एक गोळी नाही."

शब्दाला जागणारी माणसं असतात, ठीक आहे. पण इथं शब्द दुसरीचा होता, आणि जागली ही. तार्मिनी पाकिटं मुठीत आवळून बाहेरच्या बाकावर बसली आणि भर लोकांत हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक बाई आली. सुप्रिहातिन तिचं नाव, साखर चढून चक्कर आलेली. सोबत तिची तरुण मुलगी, रेत्नो. बाईनं मान वळवून बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगोबाई! तुम्ही म्बाक येम ना? त्या व्हिडिओतल्या?"

वागियेम कालच्या त्या बोलण्यानंतर पाण्याच्या घोटालाही तोंड उघडत नव्हती. ती हाताच्या आधारानं थोडी उठली. चेहऱ्यावर कुठूनशी टवटवी आली.

"हो, मीच. वर्ष होऊन गेलं. एक गोळी नाही!"

"बघ!" सुप्रिहातिन मुलीवर उखडली. "रोज सांगते तुला, पण तुझं आपलं गोळ्या घे, गोळ्या घे! टाकल्या मी महिनाभर, तर घर डोक्यावर घेतलंस! विचार आता यांनाच!"

रेत्नोची नजर खाटेच्या पायथ्याशी गेली. तिथं चादर एका बाजूला उंच होती, दुसऱ्या बाजूला सपाट.

"आणि पाय?" तिनं हळूच विचारलं.

"खिळा लागला गंजका," वागियेम म्हणाली. मोबाइलपुढचं ते सोंग सोडलं, तर साठ वर्षांच्या आयुष्यात ती पहिल्यांदा कोणाच्या तोंडावर खोटं बोलली होती, आणि बोलून तिनं धाकटीकडे बघितलं, झेपलं ना मला, अशा नजरेनं.

रेत्नो तार्मिनीकडे वळली. दमलेली पोर, डोळ्यांखाली काळं. "म्बाक, तुम्ही बहीण ना यांच्या? तुम्ही सांगा. खरंच काढ्यानं साखर उतरली? आई माझं ऐकत नाही हो. तुम्ही हो म्हणालात तर मीही नाद सोडते."

वागियेम वाट बघत होती. तिच्या त्या चेहऱ्यावर एवढा विश्वास होता की तार्मिनीला तिकडे बघवेना. हो म्हटलं असतं तर बहिणीची मान त्या वॉर्डात ताठ राहिली असती. डॉक्टरीणबाईंच्या म्हणण्याप्रमाणे तिला आता मान फार दिवस वागवायचीही नव्हती.

"नाही उतरली," तार्मिनी म्हणाली. "व्हिडिओ केला तेव्हा ही गोळ्या घेत होती. मीच सांगितलं तसं बोलायला. नंतर हिनं खरोखर सोडल्या, आणि त्यानंच पाय गेला. खिळाबिळा काही नाही. आईंना गोळ्या द्या. आज, आत्ता द्या."

सुप्रिहातिननं पाण्याचा पेला ओढून घेतला. रेत्नोनं पर्समधून पाकीट काढलं आणि एक गोळी फोडून आईच्या हातावर ठेवली.

वागियेम रागावली नाही. रागावली असती तर तार्मिनीनं पाय धरले असते, शिव्या खाल्ल्या असत्या, मोकळी झाली असती. थोरलीनं फक्त चादरीच्या त्या सपाट बाजूवर हात ठेवला आणि विचारलं, "मग मी पाय कशाला घालवला गं?"

वागियेमनं भिंतीकडे तोंड केलं. पुढे ती नऊ दिवस जगली. तार्मिनीनं चमच्यानं पाणी दिलं की पीत असे, केस विंचरू देत असे. पण तिच्याशी ती पुन्हा एक शब्द बोलली नाही.