चार वाजून दहा मिनिटांची घरघर

टिटवीला हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी गप्पांचं, लायसन्स मिळून सव्वा महिना झाला होता आणि तेवढ्यात तिने अख्ख्या क्लबाचे कान किटवले होते. टिटवी हे नावही त्यांनीच पाडलेलं. शाळा सुटली, दप्तर फेकलं, की चार वाजून दहा मिनिटांनी ही बया रेडिओवर हजर!

आणि नेमकी तेव्हाच रिपीटरवर घरघर सुरू व्हायची.

रिपीटर म्हणजे मास्तरांच्या इमारतीच्या गच्चीवरची पेटी. छोट्या रेडिओंचा क्षीण आवाज ती एका फ्रीक्वेन्सीवर ऐकते आणि दुसरीवर जोरात पुढे पाठवते. हल्ली पंधरा दिवस ती संध्याकाळभर घरघरच पाठवत होती.

"हिने घरी जोडलेल्या पॉवर सप्लायचे प्रताप," क्लबाचे अध्यक्ष असलेल्या मास्तरांनी निकाल दिला. "रविवारी सहापर्यंत घरघर थांबली नाही, तर हिचा सेट महिनाभर बंद."

"अहो मास्तर, मी प्लग काढून ठेवला तरी होतेच!"

"पुरावा?"

"मी सांगतेय ना!"

"सगळेच सांगतात."

महिनाभर गप्प, आणि तीही टिटवी!

रविवारी चारला ती आत्याच्या स्कूटरवर मागे बसली. आत्या लिफ्ट दुरुस्त करायची आणि क्लबात टिटवीच्या बाजूने ती एकटीच होती. टिटवीच्या हातात प्लास्टिकच्या पाइपवर मोजायच्या टेपचे तुकडे बसवलेला अँटेना होता. तो ज्या दिशेला धरावा, तिकडचा आवाज मोठा येतो.

"माझी पाच मीटरची टेप होती ती," आत्या म्हणाली.

"आता दोनची आहे. खिशात मावेल."

चार-दहाला घरघर सुरू झाली. टिटवीने अँटेना गोल फिरवला आणि ओरडली, "सापडली! मास्तरांच्या इमारतीत!"

आत्या हसून हसून स्कूटरवरून पडायची बाकी राहिली. "अगं शहाणे, तू रिपीटरलाच पकडलंस! तो बोलतो ती फ्रीक्वेन्सी लावलीयस. तो ऐकतो ती लाव."

टिटवीचे कान लाल झाले. तिने फ्रीक्वेन्सी बदलली. घरघर आता बारीक येत होती. अँटेना फिरवला, तर पुन्हा तीच इमारत.

"परत तीच चूक," आत्या म्हणाली.

टिटवीने आकडे बघितले. मग आत्याला दाखवले. मग दोघींनी मिळून मोठ्याने वाचले. आकडे बरोबर होते.

"म्हणजे घरघर खरंच तिथूनच येतेय," टिटवी हळूच म्हणाली.

जिना चढताना आवाज इतका वाढला की अँटेना कुठेही धरला तरी सारखाच. "काढून टाक तो," आत्या म्हणाली. "रेडिओ छातीशी धर आणि गोल फिर. तुझ्या अंगाच्या आडोशाने आवाज पडला, की तुझ्या पाठीमागे चोर."

चौथ्या मजल्यावर टिटवी भोवऱ्यासारखी फिरली. आवाज पडला. तिने मागे वळून पाहिलं, तर मास्तरांचं दार.

दार मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, उघडलं. आत खिडकीशी माशांची नवीकोरी टाकी निळ्या दिव्यात झगमगत होती.

"काकू, हा दिवा कधी लावता?"

"खिडकीतलं ऊन गेलं की. चार-दहाला."

टिटवीने दिव्याच्या अडॅप्टरचा प्लग काढला. रेडिओ गप्प. लावला, घरघर. काढला, गप्प.

मास्तर चष्मा पुसत बाहेर आले. 'तक्रार करण्याआधी आपल्या घराचा मेन स्विच बंद करून बघा' हा कागद त्यांनीच क्लबाच्या भिंतीवर चिकटवला होता.

"मास्तर, तुम्ही बंद करून बघितला होता?" आत्याने विचारलं.

"हवेचा पंप बंद पडला असता," मास्तर पुटपुटले. "मासे..."

"माशांची दया आली. माझी नाही आली!" टिटवी म्हणाली.

काकूंनी तोंडाला पदर लावला.

मास्तर टेबलाशी गेले, रेडिओचा माइक उचलला आणि सगळ्या क्लबाला ऐकू जाईल असं म्हणाले, "घरघर माझ्या घरातून होत होती. टिटवीचा काही दोष नाही. तिचा सेट चालू राहील."

पलीकडून कुणाचा तरी खट्याळ आवाज आला, "पुरावा?"

टिटवीने तोंड उघडलं, मिटलं, आणि दिव्याचा प्लग पुन्हा आत खुपसला.