पहिली जोडी कोणाची?

युरोपभरच्या सरहद्दी ठरवायला बडे बडे लोक आमच्या व्हिएन्नात जमले होते, आणि इकडे माझ्या मावशीच्या दिवाणखान्यात साधा नाच सुरू होईना!

माझा पहिलावहिला नाच होता हो. मठाच्या शाळेतल्या मदरने संध्याकाळपुरतीच सुट्टी दिलेली. आठची घंटा झाली की मला न्यायला गाडी दारात. सात वाजून गेले, तरी मी आपली भिंतीला टेकून उभी.

नाचाची सुरुवात होते पोलोनेझने, म्हणजे रांगेनं चालायच्या नाचाने. मानाप्रमाणे जोड्यांची रांग लागते, आणि सगळ्यांच्या पुढे यजमानीणबाई. आता मावशीचा हात धरून पुढे कोण चालणार? रशियाच्या वकिलातीतले बोलोतिनसाहेब म्हणाले, मी. इंग्लंडचे हारग्रीव्हसाहेब म्हणाले, छे, मी!

"नेपोलियनला मॉस्कोतून कुणी हाकललं?" बोलोतिनसाहेब गरजले.

"थंडीनं," हारग्रीव्हसाहेब शांतपणे म्हणाले.

"आणि तुम्ही बेटावर बसून चहा पीत होतात!"

मावशी रडकुंडीला आली. "झेन्झी, एकाचा हात धरला की दुसरा पाय आपटत जाईल गं. उद्या शहरभर बोभाटा!"

मला आठ वाजलेले दिसू लागले. आणि एकदम सुचलं. पोलोनेझच्या रांगेला पुढचं टोक असतं, म्हणून तर हे भांडण. वॉल्ट्झ तर गोल फिरतो! मी धावत व्हायोलिनवाल्या वेन्झलकाकांकडे गेले.

"काका, वॉल्ट्झ वाजवा ना!"

"सुरुवातीलाच? एवढ्या मोठ्या घरात? पोरी, तुझी मावशी मला खिडकीतून फेकेल."

"मी खाली उभी राहून झेलते. वाजवा हो!"

काकांनी मिशीतल्या मिशीत हसत गज उचलला. मी थेट मावशीचाच हात धरला आणि तिला गरगर फिरवत मधोमध नेलं. "अगं कार्टे, अगं, माझा पंखा!" म्हणत मावशी चक्क हसायला लागली. पाहता पाहता पंधरा-वीस जोड्या उतरल्या. दोन्ही साहेब क्षणभर खांबासारखे उभे, मग मिळेल तिचा हात धरून तेही घुसले.

बोलोतिनसाहेब धापा टाकत माझ्या शेजारून गेले. "मुली, खरं सांग, पुढे कोण आहे? मी की तो?"

"साहेब, तुम्ही त्यांच्या मागे. आणि ते तुमच्या मागे!"

ते इतके हसले की ताल चुकून हारग्रीव्हसाहेबांवरच आदळले. दोघांनी एकमेकांना सावरलं आणि पुन्हा गिरक्या सुरू. दारात गाडी येऊन थांबली तेव्हा माझ्या केसांतल्या पिना सगळ्या दिवाणखान्यात पसरल्या होत्या, आणि मी चौथा नाच नाचत होते.